कोरडा बाळकृष्ण

सुप्रभाने काचेच्या भांड्यातून बाळकृष्ण उचलला, कालचं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि गरम पाण्याचा नळ सोडून त्याखाली करंगळी धरली. तान्ह्या बाळाला सोसेल इतपत कोमट झालं तेव्हा भांडं भरून घेतलं आणि त्या रांगत्या पितळी बाळाला अलगद आत सोडलं. नेहमीसारखाच तो तळाशी टेकला, लोण्याचा गोळा धरलेला हात वर करून.

"अजून थोडे दिवस," ती त्याला म्हणाली. "मला तरी काय हौस आहे?"

भांडं घेऊन ती जिन्याच्या माथ्यावरच्या कपाटाशी आली. इंग्लंडातल्या त्यांच्या घराच्या गरम पाण्याची टाकी या कपाटात होती आणि तिच्यावरच्या फळीवर टॉवेल उबेला ठेवलेले असत. टॉवेलांच्या मागे तिने भांडं सरकवलं. देव पाण्यात घालून बसणाऱ्या बायका तिने माहेरी साताऱ्याला पुष्कळ पाहिल्या होत्या. मनातलं मिळेपर्यंत देवाला पाण्यात बसवायचं, मिळालं की काढायचं. सरळसरळ ओलीस ठेवण्यातला प्रकार. पण ओलीस ठेवलेल्याची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल. ती लेकीची, अनुयाची करणी.

अनुया तेव्हा एवढीशी होती. सुप्रभाच्या नवऱ्याचा, पद्माकरचा कन्सल्टंटच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या डॉक्टरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता, त्याच्याच हॉस्पिटलात. जागा त्याचीच, असं पोर्टरपासून सगळे धरून चालले होते. सुप्रभाने देव्हाऱ्यापुढेच स्टीलच्या वाटीत बाळकृष्ण बसवला होता. अनुयाने वाटीत बोट घालून पाहिलं आणि भोकाड पसरलं. बाळाला थंडी वाजेल. मग तिनेच वाटी दोन्ही हातांनी धरून, जिनाभर सांडत, या कपाटात आणून ठेवली. कधी काढायचं त्याला, असं तिने विचारलं तेव्हा सुप्रभाने सांगितलं होतं, मागितलेलं मिळालं की.

जागा माधवला मिळाली. माधव मागून आलेला, पहिलं वर्षभर पद्माकरनेच त्याला हाताशी धरून शिकवलेलं. कळलं त्या दुपारी सुप्रभाने बाळकृष्ण मुकाट्याने बाहेर काढला, पदराने कसाबसा पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. शाळेतून आलेल्या अनुयाने तो पाहिला. संध्याकाळी दारात किल्ली वाजताच ती धावत सुटली.

"बाबा, तुम्हाला मिळालं!"

पद्माकरने पोरीच्या डोक्यावरून सुप्रभाकडे पाहिलं. मग ओल्या कोटासकट खाली वाकून तिला उचललं आणि म्हणाला, "हो. मिळालं."

शिरा हवाच, असा हट्ट झाला. पद्माकरने दोन वाट्या शिरा खाल्ला, मान खाली घालून, भराभर, कुणी पुढ्यातून उचलून नेईल अशा घाईने. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पद्माकर स्टाफ ग्रेडच राहिला, म्हणजे काम कन्सल्टंटचं आणि दारावर पाटी दुसऱ्याची. पुढे कधीतरी अनुया इतकी मोठी झाली की बाबांच्या गळ्यातल्या हॉस्पिटलच्या बिल्ल्यावरचा हुद्दा तिला नीट वाचता आला. तीही काही बोलली नाही. तेव्हापासून तो बिल्ला मात्र पद्माकर गाडीतच काढून खिशात टाकायचा आणि मग घरात शिरायचा.

आता अनुयाने केंब्रिजला मेडिसिनसाठी अर्ज केला होता. डिसेंबरात इंटरव्ह्यू होऊन गेला. चांगला झाला, एवढंच ती म्हणाली. उत्तर नव्या वर्षात यायचं होतं, आणि दोन हजार सहा उजाडून बसलं होतं. माधव-अनुराधाच्या परीक्षितला ऑक्सफर्डने नाताळाच्या आधीच होकार कळवला होता, आणि अनुराधाने तो महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्यांना ई-मेलने, फोटोसकट. त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं ठरवायला म्हणून तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "तुमचं अजून लोंबकळतंय का गं? आमचं आपलं लवकर उरकलं बाई."

पद्माकर तोंडाने काहीच म्हणत नव्हता. पण घरी असला की पोस्टाच्या वेळेला पॅसेजमध्ये बसून चकचकीत असलेले बूट पुन्हा चकचकीत करायचा. ड्यूटीवर असला की फोन करायचा. एकच शब्द. "पोस्ट?"

त्या शनिवारी त्याची ड्यूटी होती. अनुया शनिवारी हाय स्ट्रीटवरच्या चपलांच्या दुकानात काम करायची. ती बाहेर पडली, दार लागलं, सुप्रभाने तीळ भाजायला घेतले. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं.

"काय राहिलं गं?"

"ग्लव्हज," म्हणत अनुया वर धावली. वर तिला बराच वेळ लागला. खाली आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"मस्त वास येतोय, आई."

"बाहेर पाणी गोठलंय. टोपी घाल."

"घालते," ती म्हणाली, आणि घातलीही. एरवी टोपीवरून रोज वाद व्हायचा.

पोस्टात गॅसचं बिल आणि खिडक्यांना दुहेरी काचा बसवणाऱ्यांची जाहिरात निघाली. पद्माकरचा फोन आला. पोस्ट? नाही. बरं. दुपारी हात पुसायला धड टॉवेल नाही म्हणून सुप्रभा वर गेली. जिन्याच्या कठड्यावर अनुयाचे ग्लव्हज तसेच पडलेले होते. कार्टी, ती म्हणाली, आणि तिने कपाट उघडलं.

भांडं पालथं घातलेलं होतं, धुऊन कोरडं केलेलं. त्याच्या शेजारी घडी घातलेल्या मऊ रुमालावर बाळकृष्ण बसला होता.

सुप्रभा तिथेच वरच्या पायरीवर टेकली. मग बाळकृष्णाला हातात घेऊन तिने उलटासुलटा करून पाहिला. या घरात देव दोन कारणांनी बाहेर येतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मागच्या वेळी तिने स्वतः त्याला काढला तेव्हा गुडघ्याच्या खाचेत पाणी राहून गेलं होतं. तिथला हिरवट डाग चिंचेने घासूनही गेला नव्हता. आज त्या खाचेत थेंब नव्हता. बोटांच्या मध्ये नाही, लोण्याच्या गोळ्याखाली नाही. कापडाचं टोक पिळून आत फिरवलेलं दिसत होतं. हरलेलं माणूस देवाला असं पुसत नाही. असं पुसायला मनात आनंद लागतो.

पोस्टमन तिला कोपऱ्यावरच भेटला असणार. म्हणून परत आली. आणि सांगितलं नाही, कारण संध्याकाळी बाबांच्या देखत सांगायचं असेल. लबाड.

तिने हॉस्पिटलात फोन लावला. पद्माकरला शोधून आणायला वेळ लागला.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"अहो, झालं. देव बाहेर आहे."

देव पाण्यात घालण्यावर पद्माकर पूर्वी हसायचा. त्या वर्षानंतर हसत नसे. तिने सांगितलं का, असं त्याने विचारलं. सुप्रभा म्हणाली, तिला संध्याकाळी सांगायचं असेल, तुम्ही आपलं काही माहीत नसल्यासारखं करा. तो "बरं" म्हणाला. पण फोन काही ठेवला नाही. पलीकडून ट्रॉलीची चाकं, कुणाचं तरी हसणं ऐकू येत राहिलं. मग कुणीतरी तो ठेवला.

अंधार पडता पडता अनुया आली तेव्हा घरभर शिऱ्याचा वास सुटला होता. ती मफलर सोडता सोडता थांबली.

"तू कपाट उघडलं."

"टॉवेल नको का मला?" सुप्रभाने हसू दाबलं ते न दाबल्यासारखंच झालं. "सांग आता. बाबा येईपर्यंत मला धीर नाही."

"आई, नाही मिळाली."

सुप्रभा शिरा ढवळत होती. उलथणं तसंच फिरत राहिलं.

"नाही म्हणून आलं," अनुया म्हणाली. "सकाळी. पोस्टमनकडून मीच घेतलं."

"मग देव का काढलास?"

"तू म्हणाली होती ना. मागितलेला मिळाला की काढायचा."

शिऱ्याला तूप सुटत होतं. सुप्रभाने गॅस बारीक केला, मग बंदच केला. सकाळ-संध्याकाळ ती कपाटात डोकं घालून मागत आली होती. अंघोळीचा टॉवेल घ्यायला रोज आणखी कुणी तिथे उभं राहतं, आणि तेही काही मागत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणालीस."

"चांगलाच झाला. खूप छान बोलले ते लोक. एक म्हातारी बाई होती, तिने विचारलं, मेडिसिन का. मी रिहर्स केलेला सगळा सांगायला लागले. ती म्हणाली, हे सगळेच सांगतात. मग मी खरं सांगितलं."

"काय खरं?"

अनुया मफलरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली.

"की माझ्या बाबांना कन्सल्टंट व्हायचं होतं."

बाहेर शेजाऱ्यांची गाडी आली, दिवा भिंतीवरून फिरून गेला. सुप्रभाने विचारलं, आणि कार्डिफ? बाकीच्या जागा? त्यांचे इंटरव्ह्यू अजून व्हायचेत.

"तिथे पण विचारतील ना," अनुया म्हणाली.

"मग तुला करायचंय तरी काय?"

"माहीत नाही. हे नाही, एवढंच माहितीये."

तिच्या आवाजात उद्धटपणा असता तर सुप्रभाला बरं वाटलं असतं. मागच्या खोलीतला फोन वाजला. सुप्रभा गेली. अनुराधाचा आवाज फोनला कान न लावताही ऐकू येत असे.

"छुपी रुस्तम आहेस गं तू. आम्हाला कळू दिलं नाहीस. माधव आत्ता घरी आला, म्हणाला, पद्माकरने ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. सिस्टरना, ज्युनियर पोरांना, सगळ्यांना. इतक्या वर्षांत त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं म्हणे. आता हळदीकुंकू तुझ्याकडेच हं."

"थँक यू," सुप्रभा म्हणाली. आणखीही दोनदा म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

ती वळली तेव्हा अनुया दारात होती.

"बाबांनी सगळ्यांना सांगितलं?"

"मीच त्यांना फोन केला होता."

"पण मी तर तुला काहीच सांगितलं नव्हतं."

देव इतका छान पुसला होतास, असं कसं म्हणायचं? सुप्रभा पुन्हा ओट्यापाशी गेली आणि शिऱ्यावर झाकण ठेवलं. मग काढलं, आणि पुन्हा ठेवलं. पद्माकर येण्याआधी काय बोलायचं ते ठरवून घेऊ, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि दारात किल्ली वाजली.

तो सरळ स्वयंपाकघरात आला. बूट काढले नव्हते, कोट काढला नव्हता. गळ्यात बिल्ला होता. आज तो खिशात टाकायचा राहून गेला होता. हातात हॅरोच्या मिठाईच्या दुकानातला पेढ्यांचा खोका होता. त्यासाठी त्याने शनिवारच्या गर्दीत गाडी उलट्या दिशेने नेली असणार.

"मला काही माहीत नाही हं," तो म्हणाला. "आईने मला काहीही सांगितलेलं नाही." त्याने खोका उघडून पोरीपुढे धरला. हसताना त्याच्या वरच्या ओळीतला एक दात जरा आत आहे, हे सुप्रभा विसरूनच गेली होती. "तूच सांग."

"अहो, आधी कोट तरी काढा," सुप्रभा म्हणाली. "मला तुमच्याशी जरा..."

अनुयाने तिच्या दंडावर हात ठेवला. हात बाहेरच्या थंडीने अजून गार होता.

"हो बाबा," ती म्हणाली. "मिळालं."

आणि तिने पेढा उचलून तोंडात टाकला. तो संपायच्या आत दुसरा. मान खाली घालून, भराभर.

पद्माकर तिच्याकडे बघत राहिला. आधी कौतुकाने, मग नुसताच. हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं, पण त्याची आता तिथे कुणाला गरज नव्हती. अनुयाने तिसऱ्या पेढ्याकडे हात नेला तेव्हा त्याने खोका किंचित मागे घेतला. झाकण लावलं. एकेक कोपरा अंगठ्याने दाबून नीट बसवला. मग गळ्यातला बिल्ला डोक्यावरून काढून त्याने कोटाच्या खिशात ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"शिरा केलायस ना?" त्याने सुप्रभाकडे न बघता विचारलं.

"केलाय."

"वाढ मग," तो म्हणाला. "आम्हा दोघांना."