त्रेचाळिसावा नंबर आणि एक उसासा

दुसऱ्यांच्या मुलांकडे संशयानं बघणं हा माझा एकतीस वर्षं धंदा होता, आणि त्यावर मी घर बांधलं, बायकोचे दात बसवले, दोन कुत्री सांभाळली. धंद्याला स्काउट म्हणतात. कॉलेजात बास्केटबॉल खेळणारी पोरं हेरायची आणि जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, जिथे सगळे संघ पाळीपाळीनं एकेक पोर निवडतात, आमच्या व्यावसायिक संघानं त्यांतलं कुठलं उचलावं ते सांगायचं. लोकांना वाटतं, म्हणजे आम्ही खेळ बघतो. खेळ काय, तिकीट काढून कुणीही बघतं. आम्ही उरलेलं बघायचो.

कॉलेजच्या पुस्तकात सहा फूट आठ इंच छापलं असेल, तर बूट काढायला लावायचे. बूट निघाले की सहा-सहा. उभारलेले केस तळहातानं दाबले की सहा-पाच. प्रशिक्षकानं पोराचं कौतुक केलं, तर काहीतरी लपवतोय. नावं ठेवली, तर पोराला आणखी एक वर्ष स्वतःकडे राखायचंय. गप्प बसला, तर दोन्ही. आणि पोर आपल्याशी फारच अदबीनं बोललं, तर त्याला कुणीतरी शिकवून पाठवलंय.

पण पोरांवरचा संशय हा किरकोळ भाग. खरा संशय एकमेकांवर. कॉलेजं आम्हा सगळ्या स्काउटांना एकाच रांगेत बसवतात, खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावून. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या कोण आलंय हे वाचता येतं, आणि मग तो कशाला आलाय याचा घोर लागतो. परीक्षेत बाकावर बसल्यासारखे आम्ही वहीवर हात आडवा धरून लिहायचो. मी तर आवडलेल्या पोराच्या पानावर किराण्याची यादी लिहायचो. एकदा वही हरवली, आणि पुढचा महिनाभर दोन संघ 'बटाटे' या टोपणनावाचा खेळाडू शोधत होते.

शेवटच्या वर्षाची गोष्ट. आमचे साहेब रॉइस टिलरी. वय छत्तीस, दाढी कोरलेली, आवाज कायम हळू, कारण भिंतींवरही त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी इतक्या जणांना गुप्तपणे सांगितला होता, की सगळ्या धंद्याला पाठ झाला होता. एका तोंडून आलेली गोष्ट अफवा, दोन तोंडांतून आलेली कट, आणि तीन वेगळ्या तोंडांतून आलेली माहिती. माहिती मिळाली की रॉइस हलत नसत.

जानेवारीत त्यांनी मला बोलावलं, दार लावलं, पुन्हा उघडून बाहेर कुणी नाही ना ते बघितलं आणि पुन्हा लावलं.

"गस, दुसऱ्या फेरीतला आपला त्रेचाळिसावा नंबर तुमचा. तुम्ही म्हणाल तो घेऊ. चांगला निघाला तर अजून दोन वर्षं राहा."

"आणि नाही निघाला तर?"

"तर केक मागवू."

आमच्याकडे केक मागवला, की तो खाणाऱ्याचं टेबल दुसऱ्या दिवशी रिकामं असतं. मला अजून दोन वर्षं हवी होती. घरी बसून करणार काय? बायकोवर संशय घेण्यात अर्थ नव्हता; ती सगळं आपणहून सांगायची.

माझा माणूस मला फेब्रुवारीत सापडला. आयोवात, पाच तास बर्फातून गाडी हाकल्यावर, चारी बाजूंनी मक्याची उजाड शेतं असलेल्या एका लहान कॉलेजात. ओडेल व्हिटफिल्ड. बावीस वर्षांचा, आर्कान्सातला, खांदे दारात अडकतील असे. गुण फारसे करायचा नाही, पण ज्या खेळाडूच्या अंगावर त्याला सोडत, तो खेळाडू घरी जाऊन आईला फोन करायचा. मी त्याला तीनदा बघितलं. बस चालवणाऱ्याला विचारलं, ग्रंथालयात विचारलं. कुठेच काही वाईट सापडेना, तेव्हा मला घाम फुटायला लागला.

शेवटी बेव्हर्लीकडे गेलो. ही बाई गेली वीस वर्षं तिथल्या संघाचे कपडे धुते.

"काहीतरी खोट सांग, बेव्ह," मी म्हटलं.

"कुणाची? तुझी? बसून घे."

"ओडेलची."

तिनं यंत्राचं झाकण आपटलं. "तो मोजे सुलटे करून टाकतो."

"रोज?"

"हरल्यावरसुद्धा. तू जाशील का आता? मला काम आहे."

एकतीस वर्षांत हरल्यावर मोजे सुलटे करून टाकणारे मला दोनच भेटले होते, आणि दोघंही बारा-बारा वर्षं खेळले. मी गाडीत बसून वहीत लिहिलं: अंडी, लोणी, ओडेल. मग ओडेल खोडून तिथे पाव लिहिलं.

आता एकच काम उरलं होतं. त्रेचाळिसाव्या नंबरापर्यंत हा पोरगा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत भरता कामा नये.

पुढच्या सामन्याला गेलो, तर शेजारच्या खुर्चीवर चिठ्ठी: मार्टिन काझ्लॉस्कस. मार्टी म्हणजे माझा तीस वर्षांचा मित्र. आम्ही एकमेकांच्या मुलांच्या लग्नात नाचलो होतो आणि एकमेकांना कधी एक अक्षर खरं सांगितलं नव्हतं.

"काय रे म्हाताऱ्या," मार्टी म्हणाला, "एवढ्या बर्फात इथे काय खायला आलास?"

"हॉटडॉग."

"इथले हॉटडॉग भिकार असतात."

"म्हणूनच. डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय."

"बरं. मी बहिणीकडे आलो होतो."

"तुझी बहीण फ्लोरिडात असते ना?"

"हो. वाटेत थांबलो."

सामना सुरू झाला. समोरच्या संघात क्रुग नावाचा सात फुटी गोरा पोरगा होता. पळायला लागला की चार माणसं कपाट सरकवतायत असं वाटायचं. मी एका हातात हॉटडॉग धरून, त्याच्याकडे टक लावून दुसऱ्या हातानं वहीत भराभर लिहीत होतो. खाली माझा ओडेल कोपऱ्यातून धावत आला, हवेत गेला, त्या कपाटाच्या डोक्यावरून चेंडू हिसकावला आणि मांजरासारखा जमिनीवर उतरला. सगळे प्रेक्षक उभे राहिले. मार्टी मात्र खेळाकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

काहीतरी करणं भाग होतं. मी ओडेलच्या पायांकडे बघून एक उसासा टाकला.

"काय झालं?" मार्टी.

"कुठे काय."

"उसासा टाकलास."

"वय झालं."

"तुझं की त्याचं?"

मी मान हलवली, जरा दुःखानं. बोलण्यातून खोटं बोललो असतो तर रुखरुख लागली असती. नुसत्या उसाशात काय खोटं असणार! परतीच्या वाटेवर मी गाडीत शीळ घालत होतो.

मार्च गेला, एप्रिल गेला. ओडेलचं नाव कुणी काढेना. मे महिन्यात वर्तमानपत्रं होतकरू खेळाडूंच्या याद्या छापतात. तो छप्पन्नावा, मग एकोणसाठावा, मग यादीतच नाही. मी खूश. मधून मधून वाटायचं, एकच उसासा आणि इतकं काम? पण स्वतःच्या हुशारीवर संशय घ्यायची मला सवय नव्हती.

ड्राफ्टच्या दिवशी सकाळी रॉइसनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता, पहिल्याच ओळीत नाव: ओडेल व्हिटफिल्ड. त्यावर त्यांनी कॉफीचा कप ठेवला होता.

"गस, याचा डावा गुडघा गेलाय."

"कोण म्हणतं?"

"तीन तोंडं." रॉइसनी बोटं वर केली. "एक एजंट, एक वार्ताहर, एक दुसऱ्या संघातला डॉक्टर. तिघांची आपसात ओळखसुद्धा नाही. आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली. एका जुन्याजाणत्या स्काउटनं फेब्रुवारीतच ते ओळखलं होतं. पोरगा उडी मारून उतरला, आणि त्या माणसाला बघवलं नाही, म्हणे. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, तेवढं सोडलं तर तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

"आपल्या डॉक्टरनं तपासलाय ना गुडघा?" मी विचारलं.

"तपासला. एकदम स्वच्छ."

"मग झालं की!"

"एकदम स्वच्छ, गस! बावीस वर्षांच्या खेळाडूचा! एक ओरखडा नाही. एवढा स्वच्छ गुडघा कुणाचा असतो? आधी कुठेतरी नेऊन नीट करून आणलाय."

एकतीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट तेव्हा मी केली. सगळं सांगून टाकलं. मार्टी, हॉटडॉग, कपाट, उसासा. "तुमची तीन तोंडं नाहीत, रॉइस. ते एकच तोंड आहे, आणि ते माझं आहे. पोराला काहीही झालेलं नाही. मी खरं सांगतोय."

रॉइसनी उठून खिडकीचा पडदा ओढला.

"त्याच्या एजंटनं तुम्हाला काय कबूल केलंय?"

"कुणी काही केलेलं नाही! मी खरं सांगतोय म्हटलं ना."

"तेच तर," रॉइस हळूच म्हणाले. "एवढ्या वर्षांत या खोलीत 'मी खरं सांगतोय' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आजच दोनदा का?"

त्यांच्या जागी मी असतो, तर मीही हेच विचारलं असतं.

"शिवाय," ते म्हणाले, "तुम्हाला खरा कोण हवाय ते मला माहीत आहे. तुमच्या मागच्या रांगेत माझा माणूस बसला होता. सगळा सामनाभर तुम्ही त्या क्रुगवर लिहीत होतात."

"ती किराण्याची यादी होती!"

"गस," रॉइस मायेनं म्हणाले, "पुरे आता."

संध्याकाळी त्रेचाळिसाव्या नंबरावर आमच्या संघानं कपाट घेतलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. साठ नावं झाली, ड्राफ्ट संपला, आणि त्यात ओडेलचं नाव नव्हतं. पण एक वाट उरली होती. ज्याला कुणी घेत नाही, त्याला त्यानंतर जो पहिला फोन करील तो नेऊ शकतो. रॉइसना न विचारता मी जिन्यात जाऊन फोन लावला. लागेना. दुसऱ्याशी बोलणं चालू. अकरा मिनिटं चालू. मग एकदाचा लागला.

"गस लिंडक्विस्ट बोलतोय, बाळा. ऐक, आमच्याकडे ये. उन्हाळी संघात घेतो तुला, बाकीचं मी बघतो."

"सर, उशीर झाला," ओडेल म्हणाला. आवाज नेहमीसारखाच अदबशीर. "मिस्टर काझ्लॉस्कस यांचा फोन होता. मी हो म्हणालो."

"मार्टी? तो गुडघ्याबद्दल काय म्हणाला?"

"काहीच नाही. आज सगळ्यांनी गुडघ्याचंच विचारलं, त्यांनी एकट्यांनी नाही. म्हणून तर हो म्हणालो." जरा थांबून तो म्हणाला, "सर, तुम्ही जाणते आहात. एक विचारू? नेमकं काय झालंय माझ्या गुडघ्याला?"

"काहीही झालेलं नाही."

"डॉक्टरही असंच म्हणाले. सहा डॉक्टर झाले. आई म्हणते, काही नसतं तर सहा-सहा डॉक्टरांनी बघितलं असतं का? मी आता रोज बर्फ लावतो."

"ओडेल, ऐक. ती कंडी मी पिकवली. तू मला हवा होतास, म्हणून तुझ्याकडे बघून मी मुद्दाम उसासा टाकला. बाकी काही नाही. चूक माझी आहे."

तो हळुवारपणे म्हणाला, "फार चांगले आहात तुम्ही, सर. मला बरं वाटावं म्हणून एवढं बोललात."

त्यानं फोन ठेवला.

मार्टी जुलैत भेटला, उन्हाळी सामन्यांना. खाली ओडेल खेळत होता आणि त्याच्या समोरचा खेळाडू रडकुंडीला आला होता. मार्टीनं मला हॉटडॉग आणून दिला.

"खा. त्या दिवशी तुझा राहिला होता."

"कुठला?"

"आयोवातला. हातात धरून बसला होतास, गार झाला. अरे, तीस वर्षं तुझ्या शेजारी बसतोय मी. पोरगा फालतू असला की तू खातोस. तुझं खाणं थांबलं, तेव्हाच मी त्याचं नाव लिहिलं. उसासा तर नंतर आला."

"आणि गुडघा?"

"तू पायांकडे बघत होतास. मी तीन जणांना सांगितलं. तीनच. तुझ्या साहेबांचा नियम कुणाला माहीत नाही?"

"डोळ्यांत पाणी?"

"ते वार्ताहराचं," मार्टी म्हणाला. "मी इतका वाईट नाही."

केक गाजराचा होता. चांगला होता. रॉइसनी दुसरा तुकडा घ्यायचा आग्रह केला, तेव्हा तो मी आधी त्यांना खायला लावला. कपाट एक हंगाम खेळलं, आता ते विमा विकतं, आणि चांगलं विकतं म्हणतात. ओडेल नऊ वर्षं खेळला. दूरचित्रवाणीवर दिसायचा. बाहेर येऊन बाकावर बसला, की पहिल्यांदा टॉवेलनं डावा गुडघा चोळायचा, नऊच्या नऊ वर्षं. बायको विचारायची, "याच्या पायाला काय झालंय गं बाई?" मी उठून पाणी प्यायला जायचो.

आता कधीमधी गावातल्या कॉलेजचे सामने बघायला जातो, तिकीट काढून, साध्या रांगेत. तरी कुणीतरी ओळखतं. मग दोन-तीन तरुण स्काउट येऊन मागे बसतात आणि खेळ सोडून माझ्या मानेकडे बघत राहतात. मी सबंध सामनाभर एका लयीत पॉपकॉर्न खातो, पोरगा आवडला तरी, नाही आवडला तरी. आणि श्वास बेतानं सोडतो.