कमरेवरचा चटका

देवूने बिडी सोडली होती ती फक्त स्वातीसमोर. सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराशी असलेल्या त्यांच्या पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वातीलाही. आई गेल्यापासून ती बापाशी भांडत नसे. बिडीची तेवढी शपथ घातली होती.

दिवाळीनंतर देवू गवत कापायला गेला आणि तापाने आडवा झाला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. बोईसरला एका डॉक्टरकडे सलाईन लावून झालं, ताप तसाच. स्वातीने कारखान्यात रजा टाकली. गेल्या वर्षी गवताच्याच दिवसांत तिची आई, ठमी, अशीच तापली होती, आणि त्या तापाला शेवटपर्यंत कुणी नाव दिलं नव्हतं. यंदा नाव कळल्याशिवाय स्वाती हलणार नव्हती. शेजारच्या अंकुशच्या रिक्षात घालून तिने बापाला सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथल्या डॉक्टर जागृतींनी विचारलं, "बाबा, अंगावर कुठे काळी खपली आहे?"

"नाय," देवू इतक्या झटकन म्हणाला की दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"गवतात जाता ना? बघू द्या."

"पोरीसमोर? तिला भायेर घालवा आधी."

स्वाती पडद्याबाहेर उभी राहिली. पडदा पातळ होता.

"करगोटा सरकवा जरा. ही काय मग?"

मग बापाचं दबकं बोलणं आलं, "बाय, पोरीला सांगू नको. बिडीचा चटका हाय. ती अचानक आली नि मी घाईत कमरंला खोसली. नीट विझली नसंल."

"तेव्हा भाजलं?"

"नाय. तेचंच नवल वाटतं."

"आता दुखतं?"

"नाय."

"मग हा चटका नव्हेच. गवतातला किडा चावलाय, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. रक्त तपासायला पाठवते, पण गोळ्या आत्ताच सुरू करू."

स्वातीने ते नाव पुटपुटून पाहिलं. आईच्या अंगावर अशी खपली होती की नव्हती, आता कोण सांगणार? तेव्हा कुणी शोधलीच नव्हती. तिने ओढणीने डोळे पुसले आणि पडद्यातून आत डोकं घातलं.

"बाबा, कमरंला खोसलीस?"

देवूने चादर तोंडावर ओढली.

दोन दिवसांत ताप उतरला. देवूने भाकरी मागितली, खाल्ली, आणि मुद्द्यावर आला. "म्हंजे बिडीने काय केलं नाय. डॉक्टरीणबाय बोलली, तू ऐकलंस."

"ऐकलं. चटक्यातून सुटलास. शपथेतून नाय."

घरी आल्यावर आठवड्याने अंकुश दारात आला, अंगावर शाल, डोळे लाल. "काका, कालपासून कणकण हाय."

"दवाखान्यात चल आमच्यासंगती," देवू उठत म्हणाला. "तिथं सगळं अंग दाखव, लाजू नको. नि काळं काय दिसलं तर बिडीचा चटका हाय असं बोलू नको. ते आता चालत नाय."

स्वातीने हसत अंकुशकडे रिक्षाची चावी मागितली.