कुबातच्या वाटणीचा कान

आमची संघटना नोंद घेते. पन्नासच्या वर देशांनी एकत्र येऊन, सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आणि माणसांच्या हक्कांसाठी ती काढली, आणि गेली कित्येक वर्षं ती आमच्या किर्गिझ डोंगरांत पांढऱ्या गाड्या फिरवत नोंद घेत आहे. कुणाचं घर जाळलं, नोंद. कुणाला ठाण्यात उलटं टांगलं, गंभीर नोंद. फारच झालं तर चिंता व्यक्त करते. पण त्याला सगळ्या देशांचं एकमत लागतं, आणि इतक्या देशांचं एकमत आजवर फक्त जेवणाच्या सुट्टीवर झालेलं मी पाहिलंय. मी जिपार, त्यांची दुभाषी. पगार बरा आहे म्हणून तिथे तोंड बंद ठेवते आणि घरी आल्यावर नवऱ्यापुढे उघडते.

त्या उन्हाळ्यात आमच्या संघटनेचे राजदूत लुंडग्रेनसाहेब उच-बुगू गावी एका बाकाचं उद्घाटन करायला निघाले. हो, बाकाचं. पोलीस आणि जनता यांनी त्यावर शेजारी शेजारी बसायचं आणि एकमेकांवरचा विश्वास वाढवायचा, अशी ती योजना. पोलिसांतर्फे बसणार होता जिल्ह्याचा पोलीसप्रमुख ओमुरबेक, मूळचा त्याच गावचा. जनतेतर्फे सागिनाली आजोबा, गावातले सगळ्यात वडीलधारे. आणि आजोबांचा नातू कुबात होता ओमुरबेकच्याच कोठडीत.

त्याचा गुन्हा काय? बाजारात एक हवालदार टरबूजवाल्याला लाथा घालत होता, ते या पोराने फोनवर टिपलं. त्याच संध्याकाळी त्याला उचललं. तो आपल्याकडे आहे एवढंसुद्धा पोलीस कबूल करत नव्हते. आजोबा काठी टेकत आमच्या कार्यालयात आले होते. साहेबांनी त्यांना चहा दिला आणि नोंद घेतली.

"साहेब," गाडीत मी म्हणाले, "आज ओमुरबेक समोरच बसणार आहे. कुबातचं विचाराल ना?"

"जिपार, आजचा विषय बाक आहे."

"पण पोरगा..."

"विषयांची सरमिसळ झाली की वातावरण बिघडतं. बाकाला यश येऊ दे आधी."

मग मी त्यांना जेवणाचे रिवाज शिकवायला घेतले.

बाकाला यश आलं. साहेब मध्ये, एका बाजूला ओमुरबेक, दुसऱ्या बाजूला आजोबा, असा फोटो झाला. ओमुरबेकने आजोबांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. मेल्याला लाज म्हणून नाही! मग आजोबा म्हणाले, "पाहुणे, उपाशी जायचं नाही. मेंढा कापलाय." साहेबांचा चेहरा खुलला. जेवण हा त्यांचा आवडता कार्यक्रम.

लोकरी तंबूत सगळे गोल बसलो, मांडी घालून. साहेबांच्या गुडघ्यांनी तेव्हाच कुरकुर सुरू केली. रिवाजाप्रमाणे मेंढ्याची शिजवलेली मुंडी मानाच्या पाहुण्यापुढे आली. त्याने कान कापायचा आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्यायचा, हे मी साहेबांना गाडीतच शिकवलं होतं. त्यांनी डोळे अर्धे मिटून कान कापला, दोन बोटांत धरला आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "घरातलं धाकटं कोण?"

"कुबात," आजोबा म्हणाले. "ठेवा ताटात. आला की खाईल."

ओमुरबेकचं चघळणं तेवढ्यापुरतं थांबलं. मग त्याने मोठं हाड उचललं आणि पुन्हा सुरू झाला.

जेवण झालं, चहा झाला, घोडीचं आंबवलेलं दूध झालं. ओमुरबेकने हात पुसले. "चला आजोबा, द्या दुवा. ड्युटी आहे मला."

आमच्यात जेवणाच्या शेवटी घरातला वडीलधारा हात पसरून दुवा देतो, सगळे "ओमिन" म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतात आणि मगच उठतात. त्याआधी उठणारा यजमानाच्या भाकरीवर थुंकला, असं गाव समजतं.

"दुवा कसली?" आजोबा म्हणाले. "जेवण कुठे संपलंय? कान तसाच पडलाय."

"आजोबा, चेष्टा पुरे झाली."

"ओमुरबेक, पुढच्या महिन्यात तुझ्या पोराचं लग्न ना?"

"हो."

"तिथे दुवा कोण देणार?"

"म्हणजे काय! तुम्हीच."

"मग बस. आता सोबतच जाऊ लग्नाला."

कोपऱ्यातल्या बायका डोक्यावरच्या रुमालाआड फिसकन हसल्या. ओमुरबेकची स्वतःची आई त्यांच्यात होती, आणि ती सगळ्यात मोठ्याने हसली. ओमुरबेकचे कान लाल झाले. उठावं तर गाव तोंडात शेण घालणार, बसावं तर पोरगं सोडावं लागणार. बसला बिचारा. आम्हीही बसलो. साहेबांनी मांडी बदलली, परत बदलली. इतकं दूध प्यायल्यावर त्यांना बाहेर जायची घाई लागली होती, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

अखेर ओमुरबेकला युक्ती सुचली. एकदम गोड हसून तो साहेबांकडे वळला. "राजदूतसाहेब, मुंडी तुमच्या पुढ्यात आली. मानाने तुम्हीच मोठे. तुम्हीच द्या की दुवा!"

डाव बरोबर बसला. कारण ते चालण्यासारखं होतं. मोठा पाहुणा दुवा देऊ शकतो. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या दाढीचा माणूस, आणि लहान मुलासारखा बघत होता.

साहेबांनी उत्साहाने हात पसरलेसुद्धा. "काय म्हणायचं असतं, जिपार?"

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काहीही म्हणा, साहेब. फक्त लक्षात असू द्या, दुवा सगळ्यांच्या वतीने असते."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"इथे जे जे कुणी आलेत, त्यांच्या. तुमच्यामागे जे आहेत, त्यांच्याही. आणि एकदा ओमिन झालं की ते देवापाशी पक्कं. मागे घेता येत नाही."

साहेबांचे हात हवेतच थिजले. "सदस्य देशांच्याही वतीने?"

"तुम्ही त्यांचेच ना, साहेब?"

"देवापुढे? एकमत न घेता?" त्यांनी हात चटकन मांडीखाली घातले. "अशक्य! मला अधिकारच नाही. मुख्यालयाला विचारावं लागेल."

आणि विचारलं हो! तंबूत बसून, सगळ्यांसमोर, फोन लावून. शनिवार होता. पलीकडून कुणीतरी सांगितलं की प्रस्ताव सगळ्या देशांकडे पाठवतो, आक्षेप आला नाही तर गुरुवारच्या बैठकीत घेऊ.

"गुरुवारपर्यंत थांबा," मी ओमुरबेकला सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या आनंदाने मी दुसरं कुठलं वाक्य सांगितलं नव्हतं.

ओमुरबेकने कपाळाला हात लावला. "गुरुवार? अरे, ही माणसं आहेत का कोण आहेत!" त्याने आईकडे पाहिलं. आईने तोंड फिरवलं. मग शिव्या पुटपुटत त्याने खिशातून फोन काढला. "आणा त्याला. हो, त्यालाच. आत्ता!"

ऊन कलायच्या सुमाराला जीप आली. कुबात आत आला आणि बायकांचं हसू गेलं. एक डोळा बंद. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी, एकमेकांना चिकटल्यासारखी. कान उचलायला हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. आजोबांनी कान घेतला आणि स्वतःच्या हाताने नातवाच्या तोंडात भरवला.

"चौकशी संपली," ओमुरबेक जमिनीकडे बघत म्हणाला. "घरी ठेवून घ्या."

साहेबांना आता कर्तव्य आठवलं. घसा साफ करून, ओमुरबेकच्या मांडीला मांडी लावून बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "कुबात, तुझी काही तक्रार आहे का?"

मला ते किर्गिझमध्ये बोलायचीसुद्धा शरम वाटली. पण बोलले. कुबातने ओमुरबेककडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला.

"तक्रार नाही," साहेब मला म्हणाले. "नोंद घे. मध्यस्थीला यश."

मी लिहिलं. त्या बाकावर साहेबांना आणि ओमुरबेकला शेजारी बसवून दोघांच्याही थोबाडीत द्यावी असं वाटत होतं.

आता आजोबांनी हात पसरले. सगळ्यांनी पसरले. साहेबांनीही, कारण आता जबाबदारी दुसऱ्याची होती. आजोबा साहेबांकडे बघत सावकाश बोलले, म्हणजे मला एकही शब्द चुकवता येऊ नये.

"पाहुण्या, देव तुला उदंड आयुष्य देवो. तुला खूप नातवंडं होवोत. आणि त्यांच्यापैकी कुणाला कधी असं उचलून नेलं, तर त्याच्या मदतीला तुझ्यासारखाच माणूस येवो. तो पोटभर जेवो, शेवटपर्यंत बसो आणि सगळ्याची नोंद घेवो. ओमिन."

"ओमिन!" तंबू गरजला. ओमुरबेकची आई सगळ्यात मोठ्याने.

"ओमिन," साहेबही म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. "काय म्हणाले ते?"

मी शब्दन् शब्द सांगितला. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. साहेबांचे डोळे भरून आले.

"किती मोठ्या मनाची माणसं!" ते म्हणाले. "जिपार, हे मला नीट लिहून दे. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर टाकू."