रंध्याचं नाक

बेसिल थॉर्पनं रंधा उलटा केला, उजेडाकडे धरून तळ पाहिला, पाचर हलवून बघितली. मग पुढचं टोक नाकाशी नेऊन हुंगलं.

“जवसाचं तेल. कधी लावलंत?”

“काल,” ईनिड म्हणाली. “आधी पॉलिश पेपरनं चांगला घासून घेतला. इतका कळकट होता, आणायची लाज वाटली असती.”

शेफील्डच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये दर वसंतात बेसिल जुनी हत्यारं पारखायला बसायचा आणि टेबलाभोवती चहाचे कप घेऊन रिकामटेकडे म्हातारे जमायचे. त्यांतला एक पुटपुटला, “झालं. घातला घोळ.” बेसिलनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ईनिडला पैशाची हाव नव्हती. नवऱ्याला, विल्फला, उद्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं आणि तिथं पात्याचं हत्यार चालत नव्हतं. आयुष्यभर सुतारकी केलेल्या माणसाचा रंधा निदान जाणत्याच्या हाती पडावा, एवढंच तिच्या मनात होतं.

“रंधा जुना आहे. दीडशे वर्षांचा तरी,” बेसिल म्हणाला. “पण बाईसाहेब, रंध्याच्या या पुढच्या टोकावर, नाकावर, बनवणाऱ्याचा शिक्का असतो. त्याखाली ज्यांनी ज्यांनी वापरला, त्या सुतारांची ठशानं ठोकलेली नावं. त्यावरून तर ओळख आणि किंमत. तुम्ही सगळं सपाट केलंत. आता हा शेकोटीचं लाकूड.”

“तिथं हातोडीचे पोचे होते हो नुसते.”

“पोचे असतातच. पाचर सैल करायला तिथंच ठोकतात. पण त्यांच्यात नावंही असतात. अंधाऱ्या वर्कशॉपात आपला रंधा कुठला, ते आम्ही अंगठ्यानं वाचायचो.”

ईनिडनं कप खाली ठेवला.

“बापानं पोराला रंधा दिला, तर?”

“पोराचं नाव ठोकतो. आपल्या नावाखाली.”

रोज संध्याकाळी विल्फ रंधा मांडीवर घेऊन बसायचा, नाकावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, “रॉय.” रॉय परांचीवरून पडून गेला त्याला वर्षं लोटली होती. ईनिडचं नाव विल्फ केव्हाच विसरला होता. पण पोटच्या पोराला विसरला नाही, या एका गोष्टीवर ती तग धरून होती. तो ते नाव अंगठ्यानं वाचत होता, आणि तेवढंही आपण आपल्या हातानं घासून टाकलं. तिनं हात लांबवून ते गुळगुळीत नाक चाचपलं.

“बरं वाटत नाही का?” बेसिलनं विचारलं.

“गुंडाळून द्या,” ती म्हणाली.

घरी विल्फ खिडकीशी बसला होता. तिनं रंधा त्याच्या मांडीवर ठेवला. अंगठा सवयीनं नाकावर गेला. डावीकडून उजवीकडे फिरला, परत मागे आला, कडेपर्यंत चाचपडला आणि थांबला.

“हा माझा नाही.”

“रॉयचा आहे, विल्फ. आपल्या रॉयचा.”

त्यानं रंधा उचलून अदबीनं तिच्यापुढे धरला.

“मग देऊन टाका त्याला,” तो म्हणाला. “बिचारा शोधत असेल.”