ताईचा स

दुकानात मला सगळे मध्यस्थ म्हणतात. हेडफोन आणि त्यांच्या आवाजाला जोर देणारे, खिशात मावणारे अ‍ॅम्प यांच्या जोड्या जमवणं हे माझं काम. लोकांना वाटतं, भारीतला हेडफोन घेतला, फोनला खुपसला की झालं. अहो, काही हेडफोन जड असतात, फोनच्या ताकदीवर ते जागचे हलत नाहीत. आवाज येतो, पण उपाशी येतो. त्यांना दमाचा अ‍ॅम्प लागतो. आणि तोच अ‍ॅम्प कानात घालायच्या छोट्या बोंडांना लावलात तर कानठळ्या बसतील. म्हणून अ‍ॅम्पच्या कडेला जोर कमी-जास्त करायचं एक इवलंसं बटण असतं. जड हेडफोनला वर, बोंडांना खाली. हे मी गिऱ्हाइकाला तीन-तीनदा बजावतो, ते वैतागेपर्यंत बजावतो.

फक्त ताईला बजावलं नाही. घरच्या माणसाला काय सांगत बसायचं, म्हणून.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. इस्पितळात डॉक्टर जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. पायाखाली पेडल असतं, दाबलं की आवाज चालू, उचललं की बंद. डॉक्टर मंडळी तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, मध्येच जांभई देतात, खोकतात, आणि ताई त्यातून औषधाचं नाव अचूक उचलते. नवीन मुली अडल्या की तिच्याकडे धावतात. घरी तिचं कुणी फारसं ऐकत नाही, भाऊजी तर नाहीच. तिचा मान काय तो त्या खुर्चीवर.

तिचा जुना हेडफोन व्यवस्थित चालला होता. पण मला चैन पडेल तर ना! मी तिला जड हेडफोन दिला, त्याला शोभेल असा अ‍ॅम्प दिला, बटण वर करून दिलं. ताई खूश. म्हणाली, डॉक्टर आता दाढी करून आल्यासारखे वाटतात. मी आठवडाभर छाती फुगवून हिंडलो.

चारेक महिन्यांनी त्या हेडफोनची गादी फाटली. ती बदलायला मी तो ठेवून घेतला आणि तोवर वापर म्हणून दुकानातली बोंडं तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने ती दोन्ही कानांत घातली, अ‍ॅम्पला जोडली आणि पेडल दाबलं.

बटण वर होतं. बोंडं देणारा मी, बटण वर करणारा मी, आणि विसरणाराही मीच. सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा, आणि दिव्याखाली हा असा अंधार. ती किंचाळली तेव्हा शेजारच्या बाईच्या हातातला पेला पडला म्हणे. ताईने मला विचारलं तर मी म्हणालो, यंत्र आहे ताई, कधीकधी बिघडतं. थाप मारली मी. तिने मान डोलावली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खालचे आवाज शाबूत आहेत, वरचे बारीक आवाज गेले. ते परत येणार नाहीत. उरलेत ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा. बारीक आवाज म्हणजे काय, तर स, श, फ. बोलण्यातल्या या अक्षरांना धार असते, ती धारच ताईला ऐकू येईना. ती हसून म्हणाली, शब्दांचे दात पडलेत रे, सगळी माणसं बोळक्याने बोलतात. मला हसू आलं नाही.

मग तो दिवस आला. डॉक्टरांनी एका औषधाचे साठ मिलिग्रॅम सांगितले होते. साठमधला स गेला की काय उरतं? आठ. ताईने आठ टाइप केलं. नर्सच्या लक्षात आलं म्हणून रोगी वाचला. नाहीतर विचार करवत नाही.

त्यांच्या विभागाच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. नवं ध्वनिमुद्रण, दहा पानं, आकड्याची एकही चूक नको. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर तळघरात फायली लावायच्या. कानाचं मशीन लावून बघितलं, तर त्यावर हेडफोन चढवला की ते शीळ घालायचं, आणि गंमत म्हणजे ती शीळही ताईला ऐकू यायची नाही, शेजारणीच वैतागायच्या. तेव्हा ती सुटीच्या दिवशी दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जगाच्या जोड्या लावतोस ना? आता माझी लाव."

सात हेडफोन आणि चार अ‍ॅम्प मी काउंटरवर मांडले. फोनवर माझ्याच आवाजात आकडे आणि औषधं बोलून ठेवली होती. एकेक जोडी चढवायची, ताईने ऐकलेलं बोलून दाखवायचं. ऊबदार म्हणून ज्याची मी तोंड भरून तारीफ करतो, त्या हेडफोनवर सुजेचं ऊज झालं. ताई म्हणाली, गोधडीत बसल्यासारखं वाटतंय, पण स नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. दुपारपर्यंत माझी सगळी विद्या उताणी पडली.

शेवटी वरच्या फळीवरून तो काढला. इतका कर्कश हेडफोन की चार वर्षांत एकाने घेतला नाही. आणि अ‍ॅम्प लावला तो वरचे आवाज आणखी उचलणारा. ही जोडी गिऱ्हाइकाने मागितली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आवाज वाढवत नेला, निम्म्याच्या बराच वर नेला.

"साठ," ताई म्हणाली. "सत्तर. सूज. शीर." आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

ती परीक्षा पास झाली. दहा पानं, चूक नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, फेडलं बाबा एकदाचं.

कसलं फेडलं! महिन्याभराने ती अ‍ॅम्प घेऊन आली. हल्ली थोडा कमी पडतोय, म्हणाली. मी आवाजाचं चाक बघितलं, ते आणखी पुढे सरकलं होतं. हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि झटकन काढून फेकला. दोन क्षणही सहन होईना. हे ती रोज आठ तास ऐकत होती. मला एकदम सगळं समजलं. स ऐकायला जेवढा जोर लागत होता, तोच जोर उरलेला कान खात होता. ऐकायचं तर कान जाणार, कान राखायचा तर ऐकू येणार नाही. आणि ही जोडी लावली कुणी? मध्यस्थानेच.

कानाच्या डॉक्टरांकडे मी एकटाच जाऊन आलो. त्यांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर दीड-दोन वर्षांत नुसता स नाही, माणसाचं बोलणंच जाईल. मी विचारलं, दुसरा काही उपाय? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, काम बदलणं. हे ताईला मी तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा तिने विषय बदलला, दुसऱ्यांदा फायलींच्या तळघरात कसा कुबट वास येतो ते सांगितलं, तिसऱ्यांदा उठून गेली. भाऊजींना बोललो तर ते म्हणाले, तिचं तिला कळतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तिचं म्हणणं पटलं होतं, ते नेमकं आत्ता.

काल जेवणाच्या सुटीत ती पुन्हा आली. चाक टोकाला टेकलं होतं. म्हणाली, याहून दमाचा अ‍ॅम्प असेल ना तुझ्याकडे. होता. माझ्या मागच्याच कपाटात होता. मी नाही म्हणालो. ताईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा कपाटाकडे. लहानपणापासून मला तिच्यासमोर खोटं बोलता आलेलं नाही. एकदाच जमलं होतं.

मग माझ्याने राहवेना. तिच्यासमोर बसलो, तिला माझे ओठ दिसतील असा, आणि सांगून टाकलं. "ताई, यंत्र बिघडलं नव्हतं. बटण मीच वर ठेवलं होतं. कान तुझा मी घालवला, आणि आता उरलेलाही मीच घालवतोय."

"ठाऊक आहे रे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी बघितलं होतं मी."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, बोलून काय कान येणार होता? तू मात्र जोड्या लावणं सोडून दिलं असतंस. एवढं बोलून तिने घड्याळ बघितलं. सुटी संपायला वीस मिनिटं होती. "आता तो काढ," ती म्हणाली.

राग यावा, तोंड फिरवावं, काहीतरी करावं तिने, असं मला वाटत होतं. तिने तर मला माफही केलं नव्हतं, नुसतं कामाला लावलं होतं. मी कपाट उघडलं. जोडणी केली. ताईने हेडफोन चढवला आणि हाताने खूण केली, बोलून ठेव काहीतरी, स भरपूर असू देत.

फोन तोंडाशी धरून मी बोललो. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज साफ ठेवला, कारण ध्वनिमुद्रण साफ लागतं. फोन अ‍ॅम्पला जोडला आणि चालू केलं. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने शाळेतल्या मुलीसारखं सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

"ताई, सोड हे सगळं. साठीच्या आत संपूर्ण बहिरी होशील. सांभाळ स्वतःला, मला सोसवत नाही."

डोळे उघडून ती हसली. "एक स चुकला नाही बघ," म्हणाली, आणि अ‍ॅम्प पिशवीत टाकून कामावर गेली.