दोन होड्या, एक गाठ

जेकशेन आकेंनी (आमच्याकडे वडीलधाऱ्याला आके म्हणतात) घोडी विकून होडी घेतली, पण खोगीर ठेवून घेतलं. ते त्यांनी होडीच्या मधल्या फळीवर आवळून बसवलं आणि त्यावर मांड ठोकून मोटर चालवायला लागले. मी तेव्हा कोक-बुलुंगला सरोवराच्या काठावर शहरातल्या पोरांसाठी पोहायची टायरं फुगवत असे, तोंडानं. पंप पुढे आला, पण त्याला माझ्याइतका दम कधीच नव्हता. तेव्हा जे सांगतोय ते सगळं डोळ्यांदेखत झालेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

होड्या उभ्या करायचे नियम काठावरच्या फळ्यावर लाल रंगात लिहिलेले होते. प्रत्येक होडीवाल्याला पाण्यात एक तरंगतं पिंप, खालून साखळीनं सिमेंटच्या ठोकळ्याला जखडलेलं. एका पिंपाला एकच होडी. दोर आखूड, म्हणजे वारा फिरला तरी होडी शेजारच्या होडीवर आदळणार नाही. पोहणाऱ्यांच्या हद्दीत नांगर टाकायचा नाही. जो ऐकणार नाही त्याचं पिंप जाईल, आणि ज्याला पिंप नाही त्यानं प्रवासी घ्यायचे नाहीत.

आकेंचा जन्म वरच्या कुरणांत गेलेला. त्यांनी होडीला लांबलचक दावं दिलं. का विचारलं तर म्हणाले, "आखूड दाव्यावर ती चरणार काय?" मग होडी रात्रभर चरली आणि सकाळी पोहणाऱ्यांच्या मधोमध उभी सापडली, नाकावर कुण्या बाईची फुलाफुलांची टोपी. पुढच्या आठवड्यात ती आरोग्यधामाच्या पायडल-बोटीला लाथ मारून आली. लाथ हा आकेंचा शब्द. त्यांच्या मते चूक पायडल-बोटीची होती, ती मागून आली.

पाण्यावरचा निरीक्षक मेलिस. तसा भला मुलगा, बालिकची गावचा. तो काठावर आला, टोपी काढून हातात धरली.

"आके, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. पुन्हा एकदा काही झालं, तर तुमचं पिंप त्या पायडल-बोटीला."

"आणि मी?"

"मुलाकडे जा ना बिश्केकला. बोलावतोय ना तो?"

"नवव्या मजल्यावर राहतो तो. तिथे माणूस खिडकीला बांधतात काय?"

मेलिस हसला नाही. आकेही हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी होडीचं दावं इतकं आखूड केलं, की बिचारीला मान खाली घालता येईना.

पुढच्या खेपेला मेलिस तपासायला आला तेव्हा सगळं नियमाप्रमाणे होतं. त्यानं दोर मापला, मान डोलावली आणि लाँच वळवली. इथेच गोष्ट संपायची. पण आकेंच्या बायकोनं, बुरुल आपानं, दारातून हाक मारली, "अरे मेलिस, नानाचा तुकडा तोंडात न घालता आमच्या दारावरून जातोस? तुझ्या आईला काय सांगू मी?"

आता नान नाकारून जाणारा किरगीझ अजून जन्माला यायचाय. मेलिसनं लाँच आकेंच्या फळकुटाच्या धक्क्याला लावली आणि दोर पुढे केला. पाहुणा आपला घोडा आपण बांधत नाही. लगाम घरधन्याच्या हाती देतो आणि आत जातो. मेलिसच्या बापानं तेच केलं, आज्यानंही तेच केलं. हात सवयीनं पुढे झाला, आणि निरीक्षक आत जाऊन मांडी घालून बसला.

आके दोर घेऊन उभे राहिले. धक्का कुजका, लाँचचं वजन पेलणारा नाही. पिंप एकच, आणि नियम सांगतो एका पिंपाला एकच होडी. त्यांनी खूप विचार केला. मी टायर फुगवता फुगवता बघत होतो. कुरणात खुंटा नसला आणि घोडे दोन असले, की आमची माणसं काय करतात? एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. मग जायचं कुठे? दोघं जागच्या जागी गोल फिरत राहतात.

आकेंनी आपली होडी पिंपापासून सोडली, कारण एकीला पिंप देऊन पाहुणीला न देणं बरं दिसत नाही. लाँचचं नाक होडीच्या मागे बांधलं, होडीचं नाक लाँचच्या मागे, घोड्याच्या केसांच्या दोरानं. समाधानानं हात पुसले आणि चहाला गेले.

तेवढ्यात पश्चिमेकडून उलान सुटला.

उलान म्हणजे असा वारा, की एकदा त्यानं मेंढीची लोकर काढून शेजारच्या मेंढीला घातली होती. दोघी होड्या गोल फिरायला लागल्या. आधी सावकाश, मग चातीसारख्या. आकेंच्या होडीत कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, पखाल होती, तिचं लोणी झालं. फिरता फिरता त्या शेजारच्या होडीला लागल्या, तिचा दोर गुंडाळला, ती आली. मग पायडल-बोट आली. मग पोहणाऱ्यांच्या हद्दीची दोरी, नांगर, पिंपं, दोन टायरं (माझी), आणि शेवटी काठावरचा नियमांचा फळाही त्या गुंडाळ्यात गेला. सगळ्या काठाच्या होड्यांचं एक भलंमोठं सुताचं गुंडाळं झालं आणि ते आकेंच्या पिंपाला अडकून उभं राहिलं.

वारा पडल्यावर मेलिस बाहेर आला. हातात नानाचा तुकडा तसाच.

"आके, हे कुणी बांधलं?"

"मी."

"मग पिंप गेलं तुमचं."

"गेलं. नियम तो नियम," आके म्हणाले.

"आणि बिनपिंपाची दुसरी कोण होती रे?" बुरुल आपानं विचारलं. "दोर कुणी दिला यांच्या हातात?"

मेलिसनं नान चावायला घेतलं. बराच वेळ चावलं.

गावानं मिळून गुंडाळं सोडवलं. संध्याकाळपर्यंत दोनच होड्या उरल्या, एका गाठीनं जोडलेल्या. आके त्या गाठीशी झटत होते.

"केसांचा दोर आहे," ते म्हणाले. "ओला झाला की धरून बसतो."

मेलिसनं सुरी काढली.

"काप ना, बाळा," बुरुल आपा म्हणाली. "घरधन्यानं बांधलेला दोर पाहुण्यानं कापला, असं मी तुझ्या आईला सांगेन. जास्त काही नाही सांगणार."

सुरी म्यानात गेली. लाँच कुठेतरी उभी करायलाच हवी होती, म्हणून ती आकेंच्या पिंपाला लागली, मागे होडी. आता ज्या पिंपाला सरकारी लाँच उभी आहे, ते पायडल-बोटीला द्यायची छाती कुणाची?

तेव्हापासून मेलिस गस्तीला निघाला की मागे आके खोगिरावर बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती प्रवासी. लोक रांग लावतात, कारण दुसऱ्याला दंड होताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. फळा नव्यानं रंगवला आहे. त्यावर शेवटी एक ओळ जास्त आहे: होड्या तोंडाला शेपूट अशा बांधू नयेत. शहरातली माणसं ती वाचून हसतात आणि मग त्या दोघींकडे बघतात.

गाठ अजून सुटलेली नाही. आके दर वसंतात तिच्याशी बसतात, दात ओठ खातात, मान हलवतात आणि उठतात. मी त्या माणसाला बर्फात, हातमोजे घालून, चावऱ्या घोड्याची तीच गाठ एका झटक्यात सोडताना पाहिलेलं आहे.

पण मला कुणी विचारलं नाही, आणि माझं तोंड टायर फुगवण्यात अडकलेलं असतं.