माया कागदावर छापून येत नाही

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हटलं की लगेच तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. तुमच्या घरात त्या रंगीत मुठीच्या, दुधाच्या पिशव्या कापणाऱ्या असतात ना, त्यांच्यात मला धरू नका. त्या कात्र्या नव्हेत, चिमटे आहेत. मी शिंपीकामाची कात्री. पाती वीतभर लांब, आणि वजन असं की नवख्याचं मनगट पहिल्याच दिवशी रडतं. मी शाळेत गेले नाही, मला अक्षर कळत नाही. पण शिकलेली माणसं ज्याला अनुभवातून शिकणं म्हणतात, ते मी फार जवळून पाहिलं आहे. इतकं जवळून, की त्यात जे कापलं गेलं ते मीच कापलं.

एका लोहाराने मला घडवलं. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं. यातून तुला काय वाटलं, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही. दोन्ही पाती मधल्या खिळ्याने जोडली आणि म्हणाला, "आता भांडा जन्मभर, पण एकमेकींना सोडू नका."

त्याच्याकडून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घेतलं. तिला सगळे आत्या म्हणत, कारण तिच्याजवळ तिच्या भावाची आईवेगळी पोर वाढत होती. आत्याचं प्रेम कधी दिसलं नाही, मार रोज दिसायचा. पोरीचा टाका चुकला की माझी मूठ तिच्या बोटांच्या पेरांवर बसायची. "चूक झाली की आधी तोंड उघडायचं. मग उसवायचं," हे आत्याचं एकच शास्त्र. मला कागद कापायला लावायची बंदी होती, खाली पाडायची तर फारच. वीस वर्षं मी तिच्या हातात होते. माझी धार बघून बाजारातल्या शिंप्यांची तोंडं आंबट व्हायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आता एक शब्द नीट ऐका, कारण पुढे त्याच्यावरूनच सगळं फाटलं. कापड मापाला बरोबर कापलं तर कपडा होत नाही. शिवणीत थोडं कापड आत जातं. पुढे अंग भरलं तर सैल करायलाही आत काही शिल्लक लागतं. म्हणून मापाच्या बाहेर बोटभर कापड जास्त धरायचं. त्याला आम्ही माया म्हणतो. माया सोडली नाही तर कपडा घालणाऱ्याला जाचतो आणि एक दिवस उलतो. आत्या आपल्या कागदी नमुन्यातच माया धरून ठेवायची. म्हणायची, "लोकांना माया सोडा म्हटलं की विसरतात. त्यापेक्षा मीच कागदात घालते."

पोर हुशार निघाली. कपड्यांचं शास्त्र शिकायला तिला परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळाली. निघताना आत्याने मला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तिच्या बॅगेच्या तळाशी ठेवलं. "हिला जप," एवढंच म्हणाली. हिला म्हणजे मला. पोरीला वाटलं, आपल्याला कोणाच्या तरी हवाली करते आहे. असा घोटाळा तिचा लहानपणापासूनच व्हायचा.

त्या विद्यापीठात पुस्तकापेक्षा हाताला जास्त मान. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने कुठल्यातरी खऱ्या कामावर जायचं आणि दर आठवड्याला त्यावर वहीत एक पान लिहायचं. वही तपासणाऱ्या बाईंना आपण वहीमॅडम म्हणू. त्यांचा नियम मोठा छान होता. काय केलं याला दोन ओळी, काय वाटलं याला दोन पानं. पोर लिहिताना मोठ्याने वाचायची, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

तिला मिळाली विद्यापीठाचीच शिवणखोली. तिथे पदवीदानाचे काळे झगे शिवले जात. लांब टेबल, वाफेची इस्त्री, खिडकीशी दोन मशीन आणि त्यावर दोन बायका. कापायच्या टेबलावर तीस वर्षं एकच बाई होती. तिच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या, म्हणून तिचं नाव टाचणीबाई. दात न उघडता बोलायची. पण माझ्यावर नजर पडताच तिने टाचण्या काढल्या, अंगठ्याने माझी धार पाहिली आणि पुन्हा टाचण्या तोंडात घालून म्हणाली, "बाई खानदानी आहे." मित्रांनो, परक्या मुलखात एवढं कळणारं कोणी भेटलं की लोखंडही विरघळतं.

टाचणीबाईच्या नमुन्यात माया नसायची. ती खडूने कागदाच्या बाहेर आखायची. पहिल्याच दिवशी तिने पोरीला बजावलं, "माया ज्याची त्याने सोडायची. कागदावर छापून येत नाही ती."

पोरीचे डोळे चमकले. हातातला खडू खाली ठेवून तिने आधी वही काढली. त्या आठवड्याचं पान तिने त्याच वाक्यावर लिहिलं. आईवेगळं बालपण, कठोर आत्या, दूरचा देश, आणि कागदावर न छापता येणारी माया. वहीमॅडमनी समासात लिहिलं, "वाचताना डोळे भरून आले." पोरीने ते मला तीनदा वाचून दाखवलं. बोटभर कापडाचा त्या दोन पानांत कुठे पत्ता नव्हता. वाक्य वहीत गेलं आणि टेबलावरून उठलं ते उठलंच.

सहाव्या आठवड्याच्या पानाचा विषय आला, "मी स्वतः घेतलेला निर्णय." पोरीने तोवर एकही निर्णय घेतला नव्हता, टाचणीबाई घेऊ देतच नव्हती. त्याच दिवशी टाचणीबाईला डोळे तपासायला जायचं होतं. टेबलावर आठ-आठ थरांचे पाच गठ्ठे लावलेले होते. चाळीस झगे, पोरीच्याच वर्गाचे.

"नुसतं आखून ठेव. मी आल्याशिवाय कापू नकोस," टाचणीबाई टाचण्यांतून म्हणाली आणि गेली.

पोरीने नमुना ठेवला, कडेने खडू फिरवला आणि मला उचललं. कडेने! बाहेर नाही. आत्याच्या घरी कडेनेच फिरवायचा असायचा ना. मला खडूची रेघ कागदाला चिकटलेली दिसत होती. आणि मी? मी चालले. आठ थर एका दमात कापायला मिळाले होते. खसाखस, एक धागा लोंबू न देता. खिडकीशी मशीनवर बसलेल्या एकीने म्हटलंसुद्धा, "काय धार आहे गं!" त्या एका वाक्यावर मी पाचही गठ्ठे कापले. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर टेबलावरच होतं.

टाचणीबाई दुसऱ्या दिवशी आली तोवर तुकडे मशीनवर गेले होते, निम्मे शिवूनही झाले होते; शिवणीच्या आत माया किती होती ते वरून कळत नाही. आठवड्याने माप बघायला एक दांडगा मुलगा आला. झगा त्याच्या खांद्यांवरून खालीच उतरेना. डोकं आत, हात वर, आणि आतून आवाज, "काढा मला! कोणीतरी काढा!" खोली हसली. दुसरा झगा घातला, तिसरा घातला, मग हसू थांबलं.

शिवणखोलीचे साहेब आले, वहीमॅडम आल्या. ते कापड पुन्हा मिळणार नव्हतं. साहेबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण चौकशी करता येत होती.

"कोणी कापलं?"

"मी," पोर म्हणाली. क्षणभर मला आत्या आठवली. वाटलं, आधी तोंड उघडलं, शाब्बास. पण पोर पुढे म्हणाली, "मला जे सांगितलं गेलं, त्याप्रमाणेच."

टाचणीबाईने मान वर केली. "कापू नकोस म्हणून सांगितलं होतं तुला."

"मला नाही ऐकू आलं." पोरीचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "बाईंच्या तोंडात टाचण्या असतात ना."

साहेब हसले. वहीमॅडमही हसल्या, पण सुसंस्कृतपणे.

टाचणीबाईने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. "आणि माया? माया सोडायची, हे मी पहिल्या दिवशी सांगितलंय. वहीत लिहून घेतलंय हिने. बघा वही."

वही आली. वहीमॅडमनी पान काढून सगळ्यांसमोर वाचलं, "'माया ज्याची त्याने सोडायची. कागदावर छापून येत नाही ती.' वा! हे पान मला आठवतंय. किती सुंदर वाक्य आहे! पण बाई, यात कापडाचं कुठे काय आहे?"

"अहो, हेच कापडाचं आहे!"

साहेबांनी वहीत डोकावलं. "मला तर हे तत्त्वज्ञान वाटतं."

मित्रांनो, त्या खोलीत माया म्हणजे काय हे चार माणसांना ठाऊक होतं. मशीनवरच्या दोघींना होतं. त्यांनी माना खाली घातल्या, कारण साहेबांच्या समोर मान वर ठेवणारीचं काय होतं ते त्या बघतच होत्या. टाचणीबाईला होतं, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. चौथी ती पोर, शिवणाऱ्या बाईच्या मांडीवर वाढलेली. एक वाक्य पुरलं असतं. टाचणीबाईने तिच्याकडे पाहिलं. पोर माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काही बोलेन.

"तोंडात टाचण्या धरून कोणी शिकवतं का?" साहेब म्हणाले. "उद्यापासून तुम्ही बटणांवर बसा. आणि हे चाळीस झगे तुम्हीच सुधारून द्या."

तीस वर्षं कापणाऱ्या हाताला बटणं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. टाचणीबाईने बटणांचा डबा ओढून घेतला.

त्या आठवड्याचं पान पोरीने "चुकीला सामोरं जाताना" असं लिहिलं. चार पानं. मग आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, म्हणजे पानात होतं तेवढं. आत्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नमुन्यात माया धरलेली होती का नव्हती?"

"आत्या, आवाज तुटतोय गं," पोर म्हणाली आणि फोन ठेवला. मला आत्याचा आवाज लख्ख ऐकू येत होता.

टाचणीबाईने झगे उसवले. जुन्या झग्यांतलं कापड काढून प्रत्येक काखेत कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घातली, कुशीत पट्टी जोडली. जोड कुठे आहे ते मला जवळून सापडेना, एवढं सफाईचं काम. एकोणचाळीस झगे असे झाले. चाळिसाव्यावरची चिठ्ठी टाचणीबाईने पुटपुटत वाचली, पोरीचं नाव होतं. तो झगा तिने हातात घेतला, उलटसुलट पाहिला, बटणं लावली आणि जसा कापला होता तसाच घडी घालून ठेवला.

पदवीदानाच्या दिवशी पोरीची वही पहिली आली. तिला मंचावर बोलावलं. आत्याची कात्री म्हणून तिने मला सोबत नेलं होतं. ती नम्रतेबद्दल बोलली, श्रमाच्या मोलाबद्दल बोलली. शेवटी म्हणाली, "मी एका साध्या बाईकडून शिकले, की माया ज्याची त्याने सोडायची," आणि सगळ्यांना दाखवायला मला उंच धरलं.

चर्रर्र! काखेपासून कमरेपर्यंत.

मला वाटलं, आला न्याय. पोरीने फाटलेल्या कुशीकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि हसून म्हणाली, "बघा, शिक्षण अजून संपलेलं नाही!"

लोक उभे राहिले, मित्रांनो. उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहीमॅडम डोळे पुसत होत्या.

त्यानंतर मला काचेच्या पेटीत ठेवलं. पोर नोकरीला लागली. मला न्यायला आली नाही, मी आता विद्यापीठाची शोभा आहे म्हणे. पेटीवर "शिकवणारे हात" अशी पट्टी आहे, जाणारे-येणारे मोठ्याने वाचतात. मला हात कुठे आहेत? दोन पाती आहेत, आणि मधल्या खिळ्याला गंज धरू लागला आहे. तेलाचा थेंब कोणी देत नाही. काच मात्र रोज पुसतात.

एकदाच टाचणीबाई आली. तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. हातात पिशवी, नाकावर तो नवा चष्मा. तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणून चौकशीनंतर तिचा खरा आवाज मी तेव्हा पुन्हा नीट ऐकला. काचेजवळ वाकून ती म्हणाली,

"तिचं सोड. ती पोर होती. पण तू तर खानदानी ना गं? तुला तरी अडता आलं असतं."

आणि गेली.

अडता आलं असतं. कापड दुमडून पात्यांत घ्यायचं आणि अडायचं, कुठलीही कात्री ते करू शकते, पिशव्या कापणारीसुद्धा. मी केलं नाही.

म्हणून विनवते, मित्रांनो. घरातल्या कात्रीला तेल द्या, तिला कागद दाखवू नका, खाली पाडू नका. आणि कापायच्या आधी रेघ कुठे आहे ते एकदा बघा. कागदाच्या बाहेर बोटभर जागा सोडली आहे ना? नसेल, तर हात थांबवा आणि तोंड उघडा. धार सगळ्यांनाच असते. धारेचं कौतुक ऐकत मी चाळीस झगे कापले, आणि एकेचाळिसावी टाचणीबाई.